सातांपैकी चार

कायदा कुठलाही असो, मी तो शेवटच्या कलमापासून वाचायला घेते. ही सवय माझ्या सीनियरांनी लावली. सुरुवातीच्या कलमांत सरकार आपला हेतू सांगतं, चांगल्या शब्दांत सांगतं. प्रत्यक्षात काय करणार आहे ते मागच्या कलमांत असतं, असं ते म्हणायचे. जिल्हा न्यायालयात तीस वर्षं काढल्यावर मला त्यांचं म्हणणं पटलेलं आहे.

म्हणून फ्रेंच राज्यक्रांतीतला 'संशयितांचा कायदा' पहिल्यांदा हाती आला, तेव्हाही मी आधी दहावं कलम वाचलं. कायदा एकूण दहाच कलमांचा. तारीख १७ सप्टेंबर १७९३. दहाव्या कलमात लिहिलंय, की ज्यांच्यावर आरोप ठेवायला आधारच नाही असं ठरलं, किंवा खटला चालून जे निर्दोष सुटले, त्यांनाही न्यायालयाला वाटलं तर संशयित म्हणून अटकेत ठेवता येईल.

मी बार रूममध्ये बसले होते. दुपारची वेळ, बाहेर व्हरांड्यात नेहमीची गर्दी. न्यायाधीश 'निर्दोष मुक्त' म्हणतात तेव्हा पिंजऱ्यातला माणूस आधी हसत नाही की रडत नाही. तो वकिलाकडे बघतो, खरंच का, असं विचारल्यासारखा. आपण मान हलवली की मग त्याचे खांदे खाली येतात. त्या एका क्षणासाठी माणसं शेतं विकतात, वर्षानुवर्षं तारखांना येऊन कोर्टाच्या पायरीवर बसतात. दहाव्या कलमाने तो क्षणच काढून टाकला होता. वकिलाने मान हलवली तरी त्या माणसाने घरी जायचं की नाही, हे वेगळं कोणीतरी ठरवणार.

मग मी पुन्हा पहिल्या कलमाकडे गेले. पुढचे कित्येक महिने या कायद्याने माझी पाठ सोडली नाही.

त्याची कितीही चीड आली तरी एक गोष्ट मान्य करावी लागते: त्यामागची भीती खरी होती. १७९३ च्या त्या उन्हाळ्यात फ्रान्सच्या सीमांवर ऑस्ट्रिया, प्रशिया, ब्रिटन आणि स्पेन उभे होते. पश्चिमेला वाँदेमध्ये मार्चपासून बंड पेटलेलं. लिओं आणि मार्सेय या मोठ्या शहरांनी पॅरिसविरुद्ध उठाव केलेला. १३ जुलैला क्रांतीचा जहाल पत्रकार ज्याँ-पॉल मारा आपल्या घरात, न्हाणीच्या टबात भोसकला गेला. ऑगस्टच्या शेवटी तुलों बंदर, तिथल्या आरमारासकट, राजनिष्ठांनी इंग्रजांच्या हवाली केलं. पॅरिसमध्ये पावासाठी रांगा होत्या. ५ सप्टेंबरला जमाव कन्व्हेन्शनच्या, म्हणजे क्रांतीच्या संसदेच्या, सभागृहात शिरला आणि दहशत हाच आता कामकाजाचा विषय करा, अशी मागणी झाली. त्यानंतर बारा दिवसांनी हा कायदा आला. घराला चारी बाजूंनी आग लागलेली असताना घरातलाच कोणी काडी घेऊन फिरतोय का, हे बघावंसं वाटणं मला समजतं.

आणि ही क्रांती मला परकी नाही. स्वातंत्र्य, समता, बंधुता ही त्रयी आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून नव्हे, बुद्धाच्या शिकवणीतून घेतली, असं बाबासाहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं. तरी शाळेच्या इतिहासात आम्हाला हे तीन शब्द पहिल्यांदा भेटले ते बास्तीय तुरुंगाच्या चित्राशेजारीच. त्या पानावर माझा जीव होता. ज्या माणसांनी २६ ऑगस्ट १७८९ च्या जाहीरनाम्यात, नवव्या कलमात, दोषी ठरेपर्यंत प्रत्येक माणूस निर्दोष मानावा असं लिहिलं, त्यांच्याच क्रांतीने चार वर्षांत हे दहावं कलम लिहावं याचं दुःख म्हणूनच जास्त होतं.

संशयित कोण, ते दुसऱ्या कलमात आहे. वर्तनाने, ऊठबशीने, बोलण्याने किंवा लिहिण्याने जे जुलमी राजवटीचे वा संघराज्यवाद्यांचे (पॅरिसची सत्ता न मानणाऱ्यांचे) पक्षपाती आणि स्वातंत्र्याचे शत्रू दिसले, ते. ज्यांना आपलं पोट कशावर चालतं हे दाखवता येत नाही, ते. ज्यांना नागरिकनिष्ठेचा दाखला नाकारला गेला, ते. कामावरून काढलेले आणि परत न घेतलेले अधिकारी. देश सोडून गेलेले, मुदतीत परत आले असले तरी. आणि मग जुने सरदार, त्यांचे नवरे, बायका, आई, बाप, मुलगे, मुली, भाऊ, बहिणी, आणि परागंदा झालेल्यांचे कारभारी. यांच्यातल्या ज्यांनी क्रांतीवरची आपली निष्ठा 'सतत' दाखवलेली नाही, ते सगळे.

या 'सतत'पाशी मी अडकले.

एखादी गोष्ट केली हे सिद्ध करता येतं. केली नाही हेही, कष्टाने का होईना, दाखवता येतं. त्या वेळी मी दुसरीकडे होतो, हा साक्षीदार, ही पावती. पण सतत निष्ठा दाखवली याचा पुरावा कुठून आणायचा? कोणी दोन वर्षं मिरवणुकांना गेला आणि तिसऱ्या वर्षी आई आजारी म्हणून घरी बसला. कोणी टाळ्या वाजवल्या, पण उशिरा. कोणी विजयाची बातमी ऐकून नुसतंच 'बरं' म्हणाला. मधला प्रत्येक गप्प दिवस त्याच्याविरुद्ध साक्ष द्यायला उभा. माझ्याकडे चॅप्टर केसच्या नोटिसा घेऊन लोक येतात, चांगल्या वर्तणुकीचा बाँड आणि हमीदार मागणाऱ्या. तिथेही निदान कुठल्या तारखेला काय केलं असा आरोप लिहिलेला असतो, आणि त्या तारखेशी भांडता येतं. मन सतत कुठे होतं, या प्रश्नाला तारीख नसते. त्यावर मी कोणाचीही वकिली करू शकले नसते.

दाखल्याचंही तसंच. आपण दाखल्यांच्या देशातली माणसं. तलाठ्याचा, शाळा सोडल्याचा, वर्तणुकीचा, चारित्र्य पडताळणीचा. दाखला मिळाला नाही की काय होतं ते आपल्याला सांगावं लागत नाही. १७९३ च्या फ्रान्समध्ये तो नाकारला जाणं हेच अटकेचं कारण होतं. का नाकारला, हे विचारायला जायची सोय नव्हती, कारण विचारणारा आता संशयित होता.

या याद्या कोण करणार होतं? पॅरिसहून कोणी साहेब येणार नव्हते. २१ मार्च १७९३ च्या हुकमाने गावोगावी आणि शहरांच्या वॉर्डा-वॉर्डांत बारा जणांच्या समित्या नेमल्या होत्या, मुळात परकीयांवर नजर ठेवायला. आता गावातलेच संशयित हुडकणं, अटकेचे हुकूम काढणं आणि घरातल्या कागदांना सील लावणं त्यांच्याकडे आलं. पॅरिसच्या समित्यांत चांभार, सुतार, केशकर्तन करणारे, दारूच्या दुकानाचे मालक, छोटे कारागीर होते. ज्यांना राजाच्या काळात कोणी काही विचारलं नव्हतं अशी ही माणसं. क्रांतीने त्यांना खुर्चीवर बसवलं हे मला आजही मोलाचं वाटतं. त्या खुर्चीसमोरच्या टेबलावर शेजाऱ्यांची यादी ठेवली गेली, हे मला सहन होत नाही.

चौथं कलम सांगतं, समितीने कोणाला पकडायचं तर किमान सात सभासद हजर हवेत आणि निर्णय बहुमताने हवा. सातांचं बहुमत म्हणजे चार. म्हणजे आपल्या गल्लीतले चार जण. एकाकडून आपण जोडे शिवून घेतो, दुसऱ्याशी भिंतीवरून वाद आहे, तिसऱ्याचे पैसे आपल्याकडे राहिलेत, चौथा आपल्याला नीट ओळखतही नाही आणि इतर तिघांकडे बघून हात वर करतो. मला त्या चौथ्याचा विचार फार येतो.

आठवं कलम छोटंसं आहे. अटकेतल्यांवर पहाऱ्याचा खर्च त्यांनीच द्यायचा, सगळ्यांत सारखा वाटून. पहारेकरी शक्यतो बालबच्चेवाले आणि सीमेवर लढणाऱ्यांचे नातेवाईक नेमावेत, आणि त्यांना रोज दीड दिवसाची मजुरी मिळावी. म्हणजे ज्याचा मुलगा आघाडीवर गेलाय त्या बापाची चूल पेटावी याची काळजी केली आहे. हे वाचताना मला राग येण्याआधी गलबलून आलं. कायदा लिहिणाऱ्यांच्या मनात गरीब माणूस होता, आणि त्याच ओळीत हे सगळं होतं. नववं कलम म्हणतं की कोणाला का पकडलं याची कारणं विनाविलंब पॅरिसच्या सर्वसाधारण सुरक्षा समितीकडे पाठवा. पकडलेल्या माणसाला कारण सांगा, असं दहापैकी एकाही कलमात नाही.

पुढच्या महिन्यात पॅरिस कम्यूनचा, म्हणजे तिथल्या नगरपालिकेचा, अधिकारी शोमेत याने यादी आणखी लांबवली. लोकांच्या सभांत चतुराईने बोलून उत्साहावर पाणी घालणारे, प्रजासत्ताकाच्या संकटांविषयी गूढ बोलणारे, नवी राज्यघटना थंडपणे स्वीकारणारे, आणि अखेरीला ज्यांनी स्वातंत्र्याविरुद्ध काहीच केलं नाही पण स्वातंत्र्यासाठीही काही केलं नाही असे. या शेवटच्या वर्णनात जगातली बहुतेक माणसं बसतात. माझी आजी बसली असती. पेरणी, पाऊस आणि लेकरांची दुखणी यातच जिचं आयुष्य गेलं अशी कोणतीही बाई बसली असती.

किती जण आत गेले याचे अंदाज तीन लाखांपासून पाच लाखांपर्यंत जातात. तुरुंग पुरेनात म्हणून मठ, शाळा, वाडे ताब्यात घेतले. पोर-रोयाल नावाचा एक जुना मठ होता, म्हणजे 'राजबंदर'. तुरुंग झाल्यावर राजाचं नाव नको म्हणून त्याचं 'पोर-लिब्र' केलं, म्हणजे 'मुक्त बंदर'. गिलोटीनविषयी मी फार लिहिणार नाही, सगळे तिथेच जाऊन थांबतात. डोनाल्ड ग्रीर या इतिहासकाराने शिक्षेच्या नोंदी मोजून १६,५९४ मृत्युदंड दाखवले, आणि त्यातले सुमारे ८५ टक्के लोक सरदार वा धर्मगुरू नव्हते, साधी माणसं होती. पण त्याहून कितीतरी पट माणसं कधीच गिलोटीनपर्यंत गेली नाहीत. ती नुसती 'संशयित' राहिली. सुटून घरी आली तरी तीच राहिली असणार, कारण ज्या चौघांनी हात वर केले ते तिथेच राहत होते.

आणि काही गावांत कोणालाच पकडलं गेलं नाही. कायदा तोच, समिती तशीच, पण हात वर गेले नाहीत. त्या गावांविषयी फार कमी लिहिलं गेलंय. घडलंच नाही त्याच्या नोंदी कोण ठेवणार?

उघडपणे बोलला तो कामीय देमुलँ. १२ जुलै १७८९ ला पॅरिसमध्ये टेबलावर चढून लोकांना शस्त्र हाती घ्यायला सांगणारा, बोलताना अडखळणारा तरुण वकील. त्याचे हात स्वच्छ नव्हते. कन्व्हेन्शनमधल्या मवाळ गटावर, जिराँदवाद्यांवर, त्याने जहरी लेखणी चालवली होती, आणि ऑक्टोबर १७९३ मध्ये त्यांना मृत्युदंड सुनावला गेला तेव्हा, यांना मीच मारलं, असं म्हणत तो कोसळला, असं पाहणाऱ्याने लिहून ठेवलंय. त्यानंतर दोन महिन्यांनी, २० डिसेंबरच्या आपल्या पत्राच्या अंकात त्याने लिहिलं: ज्यांना तुम्ही संशयित म्हणता त्या दोन लाख नागरिकांसाठी तुरुंगांची दारं उघडा, कारण हक्कांच्या जाहीरनाम्यात 'संशयाचं घर' नावाची जागाच नाही. तो पुढे विचारतो, एकाला वधस्तंभावर चढवलंत की त्याच्या घरच्यांतून आणि मित्रांतून दहा शत्रू उभे राहणार नाहीत का? त्याची मागणी होती क्षमेच्या समितीची. इतक्या समित्यांत एक तीही असू द्या, एवढंच.

क्रांतिसरकारचा प्रमुख नेता रोबेस्पिएर त्याचा शाळासोबती. देमुलँच्या लग्नाचा साक्षीदार. जानेवारीत जॅकोबिन या जहाल क्रांतिकारकांच्या क्लबात तो म्हणाला, कामीयचे हे अंक जाळून टाका. देमुलँ उत्तरला, 'जाळणं म्हणजे उत्तर देणं नव्हे.' हे शब्द मुळात रूसोचे, आणि रोबेस्पिएरचं रूसोवर दैवतासारखं प्रेम होतं. ५ एप्रिल १७९४ ला देमुलँ क्रांतीचा दुसरा मोठा नेता दांतों याच्याबरोबर गिलोटीनवर गेला. त्याची बायको ल्युसील हिला पकडलं, आणि आठ दिवसांनी, १३ एप्रिलला, तिलाही नेलं. मूल दोन वर्षांचंही नव्हतं. त्याच दिवशी, त्याच वधस्तंभावर शोमेतलाही मारलं. संशयितांची यादी लांबवणारा, आणि तुरुंग उघडा म्हणणाऱ्याची बायको, एकाच फेरीत. ही तारीख मी पुन्हा पुन्हा तपासून पाहिली.

कायद्याचा मसुदा ज्यांच्या नावावर आहे ते मेर्लँ आणि काँबासेरेस दोघेही निष्णात कायदेपंडित होते. मेर्लँ पुढे न्यायमंत्री झाला. काँबासेरेस नेपोलियनच्या नागरी संहितेच्या कामात पुढे होता. दोघेही म्हातारे होऊन अंथरुणात वारले. माझ्याच व्यवसायातली ही माणसं, त्यांच्याविषयी याहून जास्त लिहिताना माझा हात आखडतो.

या कायद्याच्या हिवाळ्यात पॅरिसमध्ये एक इंग्रज होता, आणि त्याचा धागा थेट आपल्या पुण्यापर्यंत येतो. थॉमस पेन. १८४७ च्या सुमारास जोतीराव फुल्यांनी त्याचं 'राइट्स ऑफ मॅन' वाचलं, आणि त्या वाचनातून काय उभं राहिलं ते महाराष्ट्राला ठाऊक आहे. हा पेन फ्रान्सचा मानद नागरिक, कन्व्हेन्शनचा निवडून आलेला सभासद. राजाला मारू नका, अमेरिकेत हद्दपार करा, असं भर सभेत सांगण्याचं धैर्य त्याने दाखवलं होतं. २८ डिसेंबर १७९३ ला शत्रुदेशात जन्मलेला परकीय म्हणून त्याला पकडलं आणि लुक्झेंबर्ग राजवाड्यात कोंडलं. ज्यांना मृत्यूसाठी न्यायचं त्यांच्या खोल्यांवर रात्री खडूने खूण होई. पेनने स्वतः लिहिलंय, की तो तापाने फणफणलेला होता, म्हणून खोलीचं दार हवेसाठी उघडं, बाहेर भिंतीला टेकलेलं होतं. खूण पडली ती दाराच्या आतल्या बाजूवर. नंतर दार लोटलं आणि खूण आत गेली. रात्री नेणारे आले, तर बाहेरून दार कोरं. तो वाचला, पण सुटायला नोव्हेंबर १७९४ उजाडला. माणसाच्या हक्कांवर ज्याने लिहिलं, त्याला दार कुठल्या बाजूला उघडतं याने वाचवलं. जोतीरावांच्या हाती ते पुस्तक आलं तेव्हा ही गोष्ट त्यांना माहीत होती का, असा विचार कितीदा मनात येतो.

आपल्याकडेही संशयाचे कायदे जुने आहेत. रँडच्या खुनानंतर १८९७ मध्ये पुण्याच्या नातू बंधूंना १८२७ च्या पंचविसाव्या रेग्युलेशनखाली, खटला न चालवता कोंडलं होतं. रौलट कायद्याला लोकांनी 'ना वकील, ना दलील, ना अपील' म्हटलं. आणि मग आणीबाणीतला मिसा, अंतर्गत सुरक्षेचा कायदा. २९ जून १९७५ च्या वटहुकमाने, माणसाला का पकडलं ते त्याला सांगण्याचं बंधन काढून टाकलं.

त्या वर्षी मी नऊ वर्षांची होते. सातारा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, आमचा वाडा पाच बिऱ्हाडांचा. समोरच्या खोल्यांत राहणारे काका शाळामास्तर होते, सेवा दलात जायचे, आम्हा मुलांना गाणी शिकवायचे. जुलैत एका पहाटे त्यांना नेलं. त्यांची सायकल चौकातल्या खांबाला टेकून तशीच राहिली.

बाबा तहसील कचेरीत कारकून. त्या सकाळी चहा पिताना ते आईला म्हणाले, 'काहीतरी असेल. उगाच कोणी नेत नाही.' घरात काही वेळ कोणी बोललं नाही. पुढे वाड्यात, नळावर, किराण्याच्या दुकानात हेच वाक्य ऐकलं. आग असल्याशिवाय धूर निघत नाही, असंही. कोणी चुगली केली नव्हती, कोणी कुठे सही केली नव्हती. पण काकूंशी लोक कमी बोलू लागले. बाबांनी मला सांगितलं, त्यांच्याकडे पुढच्या दाराने जाऊ नकोस. आई रोज दुपारी ताकाचा तांब्या माझ्या हाती द्यायची आणि मागच्या बोळातून पाठवायची. बाबांना सांगू नकोस, म्हणायची.

बाबा वाईट नव्हते. त्यांना पाच माणसांचं पोट होतं आणि कचेरीत रोज कोणी ना कोणी विचारायचं, तुमच्या वाड्यातले ना ते? पण आता तो कायदा वाचताना टेबलाभोवतीच्या सातांत चौथ्या खुर्चीवर मला बाबा दिसतात. त्यांनी हात वर केला असता का, ते मला सांगता येत नाही. मी त्यांना कधी विचारलं नाही, आणि आता ते नाहीत.

निवडणुका जाहीर झाल्या आणि १९७७ च्या जानेवारीअखेर काका उद्या सुटणार असा निरोप आला. त्या संध्याकाळी बाबा कचेरीतून आले, कपडे न बदलता चौकात गेले. दीड वर्षाच्या धुळीने सायकल करडी झाली होती, दोन्ही चाकं बसलेली, साखळीला गंज. त्यांनी ती उचलून चालवायला घेतली आणि मला म्हणाले, चल. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडे पाहिले, पुढची पंक्चर काढली, मागची ट्यूब नवीन घातली. साखळीला तेल बाबांनी स्वतः सोडलं, दुकानदाराच्या हातून डबी घेऊन. अंधार पडल्यावर आम्ही परत आलो. त्यांनी सायकल त्याच खांबाला, हँडल त्याच बाजूला वळवून टेकवून ठेवली. 'आईला सांगू नकोस,' मला म्हणाले.

काका दुसऱ्या दिवशी सकाळी आले. खूप बारीक झाले होते. बायकांनी औक्षण केलं, सगळे भेटले. मग ते खांबापाशी गेले आणि सवयीने मागचं चाक अंगठ्याने दाबून पाहिलं. आणि तसेच वाकून थोडा वेळ राहिले. बाबा त्याच वेळी कचेरीला निघाले होते. त्यांनी मान वर केली नाही, दिंडी दरवाजातून वाकून बाहेर पडले.